उभ्या गाडीचे तास कुणाचे?

गाडी उभी आहे म्हणजे ड्रायव्हर मोकळा आहे, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं खोटं. मालक ते बोलतो, ट्रान्सपोर्टवाला बोलतो, माल भरणारा व्यापारी बोलतो. ऐकून ऐकून आम्ही ड्रायव्हरही तेच बोलायला लागलो. मी मोर्शीचा, संत्र्याच्या गाड्या चालवतो, आणि हे खोटं आता पुरे झालं असं मला वाटतं.

आंबिया बहाराच्या दिवसांत मोर्शी-वरुडकडे येऊन पाहा. गाडी सकाळीच लावून मागतात. माल अजून झाडावर असतो. मग तोडा, मग छाटणी, मग क्रेट, मग हमाल मिळायची वाट. भरता भरता रात्र होते. तोवर ड्रायव्हरला एकच हुकूम : "गाडीपाशीच राह्यजो, कव्हाही नंबर लागन." घर जवळच्या गावात असलं तरी जाता येत नाही. डोळा लागला की कुणीतरी दारावर थाप मारतो : पुढे घे, मागे घे. क्रेट मोजून घ्यायचे, ताडपत्री ओढायची, दोर कसायचा. रात्री गाडी सुटते आणि वरून ऐकावं लागतं, "तू त दिवसभर झोपूनच होता, आता सकायपर्यंत कुठी थांबू नोको." माल नाशवंत आहे, हे मलाही कळतं. पण बंगालमधल्या बांगलादेश सीमेपर्यंतचा बाराशे किलोमीटरहून लांबचा रस्ता ज्याच्या डोळ्यांवर चालायचा, त्याचा दिवस या एका वाक्यानं पुसला जातो. पैसे ट्रिपचे. दिवसभर गाडीला बांधून ठेवल्याचे काहीच नाहीत.

कायदा नाही असं कुणी सांगू नये. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ पासून २०२५ पर्यंत होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला फार तर १० आणि ५४. सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. जास्त कामाला दुप्पट मजुरी. कामाचे तास म्हणजे काय, तेही त्यात लिहिलं होतं : कामगार मालकाच्या किंवा त्याच्या सेवेवर हक्क असलेल्या माणसाच्या दिमतीला असेल तो वेळ. इतकं स्वच्छ लिहून झाल्यावर त्याच व्याख्येच्या शेपटाला एक कलम लावलं होतं. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ कामात धरायचा, पण तो पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच. म्हणजे चौदा मिनिटं थांबलो तर ड्युटी, आणि चौदा तास थांबवून ठेवलं तर मालकाला हात वर करायला जागा. ज्यानं हे कलम लिहिलं त्यानं गाडीच्या केबिनमध्ये एक रात्र तरी काढली असेल असं वाटत नाही.

शिवाय तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. इथल्या कित्येक मालकांकडे एक-दोन गाड्या. त्यांचा ड्रायव्हर पहिल्यापासून कायद्याबाहेर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आणि ती मर्यादा पाचावरून दहा झाली. दार उघडायचं सोडून आणखी लोटलं.

नोंद ठेवता येत नाही, ही सबब तर मी ऐकूनच घेत नाही. फास्टॅग गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली ते सांगतो. मालकाच्या मोबाइलवर जीपीएसमध्ये गाडी कुठं उभी आहे ते दिसतं. परतीच्या मालाचं ई-वे बिल दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं चालतं. गाडीचा वेळ लिहिला जातो, मालाचा लिहिला जातो, ड्रायव्हरचा लिहीत नाहीत, कारण लिहिला तर त्याचे पैसे द्यावे लागतील. रेल्वेच्या लोको पायलटची ड्युटी कधी लागली आणि कधी सुटली याची नोंद होते. रस्त्यावर तेवढाच जीव धोक्यात असताना आमचं काहीच नाही.

अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांत तास नोंदवणारं यंत्र सक्तीचं आहे. तिथल्या नियमात माल भरायची-उतरवायची वाट पाहणं ही ड्युटी धरतात. कंपनीनं ड्रायव्हरला जबाबदारीतून मोकळं केलं असेल, तरच तो वेळ त्याचा खासगी. तिथंही या थांबण्याचे पैसे मिळवायला ड्रायव्हर भांडतातच. पण मोकळं असणं म्हणजे काय, एवढं तरी कागदावर ठरलेलं आहे.

आपल्याकडे नितीन गडकरींनी २०२१ मध्ये म्हटलं होतं की पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरले पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसीची सक्ती झाली. चांगलं झालं. पण एसीत बसून जागलेला माणूसही जागलेलाच असतो. अपघात झाला की कागदावर येतं, 'चालकाला डुलकी लागली'. त्याआधीची बारा तासांची हजेरी कुणी विचारत नाही. गुन्हा एकट्या ड्रायव्हरवर.

आपल्या लोकांनाही माझं सांगणं आहे. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून गेलेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या कलमाविरुद्ध देशभर चाकं थांबली आणि सरकारला ते कलम थांबवून ठेवावं लागलं. ती ताकद खरी होती. तासांसाठी ती आपण कधी वापरली? जास्त ट्रिपा मारल्याची फुशारकी मारणारे आपणच आहोत, आणि मालक ती फुशारकी दुसऱ्या ड्रायव्हरला माप म्हणून दाखवतो.

मोर्शी-वरुडच्या बागायतदारांनो, व्यापाऱ्यांनो, ट्रान्सपोर्टवाल्यांनो, यासाठी दिल्लीची वाट पाहू नका. बिल्टीवर गाडी किती वाजता लागली, भरून किती वाजता सुटली, हे लिहा. पोचल्यावर तेच लिहा. खाली सही करा आणि त्या तासांचे पैसे द्या. आणि ड्रायव्हरला विश्रांती दिली असं म्हणायचं असेल, तर किल्ली त्याच्या हातातून घ्या आणि त्याला घरी जाऊ द्या.