उंच डोंगर, छोटी टेकडी आणि स्कीइंगची मजा

स्कीइंगला निघालेल्या माणसाला जो तो पहिल्यांदा विचारतो, डोंगर केवढा आहे? मी मिनेसोटात राहते. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन बर्फावर जाणं हा आमच्या घरचा शिरस्ता आहे. त्यावरून माझं ठाम मत झालंय, की मजा किती येणार हे जाणून घ्यायचं असेल तर आधी दुसरेच प्रश्न विचारावेत. उतार घरापासून किती लांब आहे? एका संध्याकाळी किती फेऱ्या होतात? मुलांना एकटं सोडता येतं का? आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला परवडेल का?

मिनीॲपोलिसच्या दक्षिणेला बर्न्सव्हिल हे उपनगर आहे. तिथे हमरस्त्याला खेटून बक हिल ही टेकडी आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची जेमतेम ३१० फूट. पर्वती चढणाऱ्या पुणेकराला तिचं काही अप्रूप वाटणार नाही. माझा भाचा पुण्याहून आला तेव्हा गाडीतून उतरताच म्हणाला, "मावशी, एवढीशीच?" त्याच रात्री उतारावरचे दिवे मालवायची वेळ झाली, तरी "आणखी एकदाच" म्हणत तो पुन्हा वर निघाला होता.

यामागचं कारण साधं आहे. वर न्यायला तिथे पाळण्यांबरोबरच सतत फिरणारा एक जाड दोरही आहे. तो आधी हातमोज्यांतून सरकू द्यायचा आणि मग हळूहळू मूठ आवळायची. एकदम घट्ट पकडला तर खांद्याला हिसका बसतो. नीट धरला की बघता बघता माथा येतो. तिथून खाली यायला मिनिटभरही पुरतं. वळण चुकलं, तर कुठे चुकलं हे आठवत असतानाच पुन्हा त्याच जागी उभं राहता येतं. बर्फ बराचसा यंत्रातून फवारलेला, दाबून कडक झालेला असतो. त्यावर स्कीची कड नीट रुतली नाही तर पाय निसटतो, त्यामुळे शरीर आपोआप शिकत जातं. जमायला लागलं की मजा वाढते आणि ते सरावाने जमतं.

स्कीपटू लिंडसे व्हॉन याच टेकडीवर घडली. १९८४ साली सेंट पॉलमध्ये जन्मलेली ही मुलगी बक हिलवर एरिक सेलर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झाली. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये तिने डाउनहिल शर्यतीचं सुवर्णपदक जिंकलं. विश्वचषक मालिकेतल्या तिच्या विजयांची संख्या ऐंशीच्या पुढे आहे. अर्थात, पुढे तिचं कुटुंब कोलोरॅडोतल्या व्हेलला गेलं, आणि ते योग्यच होतं. डाउनहिलचा वेग तीनशे फुटांत अंगवळणी पडत नाही. पण तिचा पाया या छोट्या उतारावरच पक्का झाला.

मोठ्या डोंगराचं सुख मी नाकारत नाही. व्हेलचं स्की क्षेत्र पाच हजार एकरांहून मोठं आहे आणि वरपासून खालपर्यंतचा उतार सुमारे ३,४५० फुटांचा. मागच्या बाजूच्या उघड्या दऱ्यांत ताजा भुसभुशीत बर्फ पडलेला असतो, तेव्हा तिथला आनंद कुठल्याच टेकडीवर मिळणार नाही. पण तिथवर पोचायला विमान, हॉटेल आणि डोंगरातल्या रस्त्यावरची वाहनांची रांग आलीच. पायथाच आठ हजार फुटांवर असल्यामुळे पहिल्या दिवशी डोकं धरतं. शिवाय एवढा खर्च केलाय, तर तो वसूल झालाच पाहिजे, हे दडपण प्रत्येक फेरीवर असतं. बक हिलवर थंडी बोचली तर सरळ घरी जावं. काही बिघडत नाही, टेकडी उद्याही तिथेच आहे.

महाराष्ट्रातून गुलमर्गला जाणाऱ्यांना म्हणूनच माझं आग्रहाचं सांगणं आहे. गोंडोलाने जवळपास चार हजार मीटरवर जाऊन फोटो काढायचे असतील तर जरूर काढा. स्कीइंग शिकायचं असेल, तर मात्र पायथ्याजवळच्या नवशिक्यांच्या उतारावर सलग काही दिवस घालवा. तिथल्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेत अभ्यासक्रमही चालतात. उंचीवरून एकदा घसरत खाली येण्यापेक्षा छोट्या उतारावर आपल्या मर्जीने थांबता येणं, वळता येणं, यात कितीतरी जास्त आनंद आहे.

माझी काळजी वेगळीच आहे. छोट्या टेकड्या नाहीशा होत आहेत. एकट्या न्यू इंग्लंडमध्ये आजवर सहाशेहून अधिक स्की-ठिकाणं बंद पडली, त्यांतली बहुतेक लहान होती. हिवाळे बेभरवशाचे झाले, कृत्रिम बर्फ पाडणं महाग, विम्याचा खर्च भरमसाट. मोठ्या कंपन्या तग धरतात, गावच्या टेकडीला ते झेपत नाही. पण ती टिकवता येते. आमच्याकडे ब्लूमिंग्टनची हायलंड हिल्स ही टेकडी १७५ फुटांची आहे आणि ती सार्वजनिक उद्यान मंडळ चालवतं. न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावची स्टॉर्स हिल तिथल्या स्थानिक क्लबने जपली आहे.

गाव वाचनालयासाठी, पोहण्याच्या तलावासाठी पैसे काढतं, तसे टेकडीसाठीही काढावेत. शाळा सुटल्यावर मुलांना जिथे रोज जाता येतं, तिथेच हा खेळ रुजतो. अशा टेकड्या बंद पडल्या, तर स्कीइंग ही वर्षातून एकदा विकत घ्यायची चैन होऊन बसेल आणि ज्यांच्या खिशाला ती परवडत नाही, त्यांच्या मुलांना या खेळाची तोंडओळखही होणार नाही.