उलटलेली उधारी

दुपारचे तीन वाजले की आमच्या घरी फेसबुकवरची साडीविक्री सुरू होते. विक्रेत्या ताई पहिली पाच मिनिटे साड्यांविषयी अवाक्षर काढत नाहीत. कोणाच्या लेकीची परीक्षा कशी झाली, कोणाचा गुडघा आता कसा आहे, हे नावानिशी विचारतात. मग पदर उलगडतो. आवडलेल्या साडीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॅपवर धाडायचा, यूपीआयने पैसे भरायचे. पैसे पोचल्यावरच पार्सल निघते.

या जिव्हाळ्याला आम्ही ढोंग म्हणणार नाही. २०२०च्या टाळेबंदीत अनेकींनी असेच धंदे घरातून उभे केले, आणि गुडघ्याची चौकशी करणारी माणसे आजकाल आहेत तरी किती! प्रश्न त्या जिव्हाळ्याची किंमत कोण मोजतो, हा आहे.

हातमागाची पैठणी पारखायची तर पदर उलटून पाहावा लागतो. तिची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागे बहुधा सुटे धागे लोंबतात. दुकानात गादीवर बसलेली कुठलीही बाई हे सहज करते. पडद्यावर मात्र पदर ताईंच्याच हाती. शे-दीडशे जणींच्या देखत 'जरा मागची बाजू दाखवा' म्हणणे म्हणजे घरच्या माणसावर अविश्वास दाखवणे. वहिनी ते कधीच म्हणत नाहीत.

चौकशी जुना वाणीही करीत असे. पण त्याच्याकडे खातेवही होती. माल आधी घरी येई, पैसे महिनाअखेरीस. विश्वास टाकण्याची जोखीम त्याची. तूरडाळीत खडे निघाले तर पिशवी परत जाई, चार शब्द होत, आणि नाते त्या चार शब्दांसकट टिके. आता पैसे आधी, माल मागून. उधारी गिऱ्हाईक देते, आणि भीडही गिऱ्हाईकानेच बाळगायची!

गेल्या दिवाळीत आलेल्या साडीच्या निऱ्यांत बोटभर चीर निघाली. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण नसेल तर तक्रार ऐकणार नाही, अशी ताईंची अट होती. चित्रीकरण होते. तरी वहिनींनी कळवले नाही. "त्यांना वाईट वाटेल हो," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडूनच आणखी एक साडी आली. का, तर "माझं नाव घेऊन दाखवली, नाही कसं म्हणायचं?"

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ऑनलाइन खरेदी करणाऱ्यालाही ग्राहक मानले आहे, दाद मागायला दोन वर्षांची मुदत दिली आहे. पण वाईट वाटेल म्हणून जिथे साधा निरोपही जात नाही, तिथे आयोगाकडे कोण जाणार? असो.

आमचे मागणे फार नाही. ताईंनी आपण होऊन पदर उलटून दाखवावा. आणि साडी परत आली, तरी पुढच्या दुपारी गुडघ्याची चौकशी करावी.