इशारा : रक्त देऊ, पण हिशेब घेऊनच

मंगरूळपीर तालुक्यात शिबिरे घेणाऱ्या सर्व रक्तपेढ्या, इथे रक्त व सलाईन चढवणारी रुग्णालये व दवाखाने आणि अन्न व औषध प्रशासन यांना हा जाहीर इशारा आहे. देणारे आम्ही तालुक्यातले रक्तदाते आहोत. आमचा कुणा एका संस्थेवर आरोप नाही. पण आरोप करण्याची वेळ येईपर्यंत गप्प बसायचे, ही रीत आता बंद.

मे २०२२ मध्ये नागपुरात रक्त चढवलेली थॅलेसेमियाची चार मुले एचआयव्हीबाधित आढळली. त्यातले एक मूल दगावले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्याला नोटीस काढली. नागपूर आपल्याला परके नाही. इथला पेशंट हाताबाहेर गेला की अकोला, अमरावती आणि शेवटी नागपूरच गाठतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधल्या चाईबासा इथे पुन्हा तेच घडले आणि पुन्हा थॅलेसेमियाचीच मुले. ज्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, त्याच्यासाठी प्रत्येक पिशवी नवा धोका असते. वर्षभरात चढवलेल्या पिशव्यांच्या नोंदी नसतील, तर दूषित पिशवी कोणती हे शोधायचे तरी कसे? चौकशी तिथेच अडते आणि जबाबदार मोकळे राहतात.

कायदा नाही असे कुणी सांगू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये रक्तपेढ्यांना शिस्त लावणारा निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रीचा धंदा बंद झाला. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया या पाच रोगांसाठी तपासणी सक्तीची आहे. तरीही ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात रक्तातून एचआयव्ही झाल्याचे सांगणारे २,२३४ जण देशात नोंदले गेले. हा आकडा माहितीच्या अधिकारात मागितला तेव्हा बाहेर आला.

तपासणी होऊनही रोग का निसटतो, हे प्रत्येक नातेवाइकाने समजून घ्यावे. लागण झाल्यावर काही काळ रोग रक्तात असतो, पण तपासणीत दिसत नाही. प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत एचआयव्हीसाठी हा काळ सुमारे तीन आठवड्यांचा, तर कावीळ सी साठी दोन महिन्यांच्या आसपास असतो. विषाणूचे जनुकद्रव्य थेट शोधणारी ‘नॅट’ चाचणी तो बराच कमी करते, पण शून्यावर आणत नाही. आपल्याकडे ती सक्तीची नाही. म्हणून पहिली चाळणी म्हणजे खरे बोलणारा रक्तदाता. हेल्मेट, बॅग, मिक्सरच्या आमिषाने रांगेत उभा केलेला माणूस आजार लपवतो. नेत्याच्या वाढदिवसाला बाटल्यांचा विक्रम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरा धोका उन्हाचा. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवायची असते. वैशाखात पारा ४४ अंशांवर असताना ती साध्या कॅरीबॅगमध्ये घालून नातेवाइकाला मोटारसायकलवर पिटाळणे म्हणजे रक्तात जंतू वाढवण्याची सोय करणे.

तिसरा धोका सलाईनचा आणि सुईचा. अशक्तपणा वाटला की ‘एक सलाईन लावून द्या’ म्हणणारे आपणच आहोत. उत्तर प्रदेशातल्या बांगरमऊ इथे २०१८ मध्ये एका भोंदू डॉक्टरने एकच सुई अनेकांना टोचल्याचे उघड झाले आणि गावातले अनेक जण एचआयव्हीबाधित निघाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीत बाळंतिणी दगावल्या. संशय सलाईनवर गेला आणि सरकारला एका कंपनीचे रिंगर लॅक्टेट थांबवावे लागले. केसपेपरवर बॅच क्रमांक लिहिलेला नसेल, तर असा माग काढणे अशक्य होते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक रक्तपेढीने कोणती चाचणी कोणत्या पद्धतीने होते, ‘नॅट’ होते की नाही, हे शिबिराच्या जागी ठळक लिहावे.

२. चढवलेल्या प्रत्येक पिशवीचा क्रमांक, रक्तपेढीचे नाव आणि संपण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहावी. सलाईनचा बॅच क्रमांक केसपेपरवर लिहावा.

३. बर्फाच्या पेटीशिवाय पिशवी कुणाच्याही हाती देऊ नये.

४. थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या मुलांना ‘नॅट’ केलेलेच रक्त मिळावे. त्यांची दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व कावीळ तपासणी व्हावी आणि अहवाल आईबापांच्या हाती द्यावा.

५. भेटवस्तू वाटणारे शिबिर इथे होणार नाही.

६. अन्न व औषध प्रशासनाने या रक्तपेढ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर करावेत.

मुदत आजपासून ३० दिवसांची. माहितीच्या अधिकारात उत्तराला इतकेच दिवस दिले आहेत. त्याहून जास्त आम्ही देणार नाही. एकतिसाव्या दिवसापासून जी रक्तपेढी लेखी उत्तर देणार नाही, तिच्या शिबिरात आम्ही हात पुढे करणार नाही. शेलूबाजारपासून आसेगावपर्यंत गावोगावी तिचे नाव सांगू. प्रशासन गप्प राहिले, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल करू.

एक गोष्ट स्पष्ट करतो. तातडीच्या पेशंटचे रक्त आम्ही अडवणार नाही. उत्तर देणाऱ्या रक्तपेढीत जाऊन रक्त देऊ आणि बाळंतीण असो वा अपघातातला जखमी, कुणाला कमी पडू देणार नाही. रक्त घेण्याची भीती पसरवणे हा आमचा हेतू नाही. वेळेवर न मिळालेले रक्तही जीव घेते.

ब्रिटनमध्ये दूषित रक्ताने ३० हजारांहून अधिक लोकांना रोग दिले. चौकशी अहवाल आला तो २० मे २०२४ रोजी, निम्मे शतक उलटल्यावर. इंग्रजांच्या देशात एवढा उशीर होतो, तर मंगरूळपीरची फाईल कोण उघडणार, हा हिशेब कुणी मनात धरला असेल तर तो चुकीचा आहे. पिशवीतले रक्त आमचे आहे आणि ज्याच्या अंगात जाते तेही आमचेच लेकरू आहे. उत्तर लेखी द्या. तोंडी आश्वासन आम्ही नकार समजू.

मंगरूळपीर तालुक्यातील रक्तदाते