सकाळी साडेदहाची तपासणी

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका तालुका कार्यालयातील लिपिकाची फाईल माझ्यासमोर आली. आरोप होता मद्यपान करून कामावर येण्याचा. दुपारनंतर त्यांच्या पापण्या मिटू लागत, जीभ अडखळे, आवाज नाकातून येई. कार्यालयाने कारणे दाखवा नोटीस बजावली आणि त्यांना वैद्यकीय मंडळाकडे पाठविले. मंडळाने रात्रभराच्या विश्रांतीनंतर, सकाळी साडेदहा वाजता त्यांना तपासले आणि 'तंदुरुस्त' असा शेरा दिला. आजार नाही म्हणजे दारूच, असा निष्कर्ष कार्यालयाने काढला. रक्तातील मद्याची तपासणी कोणी केलीच नव्हती.

शेवटी घरच्यांनी त्यांना बेळगावहून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळुरूला नेले. तेथे होसूर रस्त्यावरील 'निम्हान्स' या संस्थेत निदान झाले : मायस्थेनिया ग्रेव्हिस.

मज्जातंतूचा निरोप स्नायू ज्या ठिकाणी स्वीकारतो, तेथेच या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती हल्ला करते. पहिले काही निरोप पोहोचतात. काम वाढत गेले की पोहोचेनासे होतात आणि विश्रांतीनंतर पुन्हा पोहोचू लागतात. म्हणून डॉक्टर रुग्णाला मिनिटभर छताकडे पाहत राहण्यास सांगतात आणि पापणी खाली येते का ते पाहतात. मज्जातंतूला सेकंदाला सुमारे ३ वेळा विद्युत्-उद्दीपन देऊन स्नायूचा प्रतिसाद १० टक्क्यांहून अधिक घटतो का, हे मोजतात. रक्तात प्रतिपिंडे सापडली तर निदान पक्के होते. पण सर्वांगी विकाराच्या सुमारे १५ टक्के रुग्णांत नेहमीची प्रतिपिंडे आढळत नाहीत. थोडक्यात, दमवल्याखेरीज हा रोग दिसत नाही. आमचे मंडळ मात्र रुग्णाला एकदाच आणि ताजातवाना असताना पाहते.

अमिताभ बच्चन यांना १९८४ साली हाच विकार जडल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. लिपिकाच्या थकव्याला तेवढी पत नसते.

साधनांचा अभाव ही सबब येथे चालणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींसाठी आइसपॅक असतातच. तो कापडात गुंडाळून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे ठेवावा. ओघळलेली पापणी स्पष्टपणे वर आली, तर रुग्णाला मज्जाविकारतज्ज्ञाकडे धाडण्यास तेवढे पुरे. नागदंशावर दिले जाणारे निओस्टिग्मिन याच विकारातही चालते, कारण नागाचे विष नेमकी हीच जागा अडवते. (हे इंजेक्शन मात्र जाणत्या डॉक्टरनेच, ॲट्रोपिन हाताशी ठेवून द्यावे.) उणीव आहे ती शंका येण्याची.

उपचार आहेत आणि ते लागूही पडतात. लंडनमध्ये मेरी वॉकर यांनी १९३४ साली फायसोस्टिग्मिनचा गुण दाखवून दिला. आज पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या, स्टिरॉइड, ॲझाथायोप्रिन, आणि निवडक रुग्णांत थायमस ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया. श्वासाचे स्नायूच थकले तर मात्र व्हेंटिलेटर लागतो; सोबत प्लाझ्मा बदलणे किंवा इम्युनोग्लोब्युलिन, ज्याचा खर्च लाखाच्या घरात जातो. जेंटामायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी नेहमीची प्रतिजैविकेही ही वेळ आणू शकतात. रुग्णाच्या केसपेपरवर तांबड्या शाईने हे लिहिण्यास शासनाला एक पैसाही लागत नाही.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत या विकाराचे नाव नाही. दीर्घकालीन मज्जाविकारांत तो बसवला, तरी ४० टक्क्यांची अट उरते. पण कोणत्या वेळेचे टक्के? माझी सूचना साधी आहे. अशा कर्मचाऱ्याची तपासणी एकाच दिवशी दोनदा व्हावी, सकाळी आणि दिवसभराच्या कामानंतर. आणि प्रमाणपत्रावर दोन्ही नोंदी असाव्यात. गोळीची वेळ व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती ही मेहेरबानी म्हणून देऊ नये. शासकीय आस्थापनांनी वाजवी सोय करून द्यावी, असे हाच अधिनियम सांगतो.

त्या लिपिकांवरील नोटीस मागे घेण्यात आली. आता ते आवक-जावकचे टेबल सांभाळतात आणि जेवणाआधी गोळी घेतात. सेवापुस्तकातील मद्यपानाचा शेरा काढून टाकण्यास मात्र आणखी अकरा महिने लागले.