मायनरमधला नी

जॅझ शिकणाऱ्या आपल्यासारख्या वीकांती वादकांचं घोडं हमखास मायनरमध्येच पेंड खातं. पुस्तकं प्रत्येक कॉर्डसमोर एक स्केल लिहून देतात आणि आपण सगळं लुकअप टेबलसारखं पाठ करतो. माझं स्पष्ट मत, ते टेबल आधी बाजूला ठेवा.

'ऑटम लीव्ह्ज' घ्या. कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या 'समथिन एल्स' (१९५८) अल्बमवर ते जी मायनरमध्ये आहे. तर जी, म्हणजे पांढरी पाच, हा सा धरू. गाणं घरी येतं ते तीन कॉर्डमधून: ए हाफ डिमिनिश्ड, डी सेव्हन, जी मायनर. पहिलीत रे, म, कोमल ध, सा. दुसरीत प, शुद्ध नी, रे, म, आणि फ्लॅट नाइन घेतला तर कोमल ध. म्हणजे रे, म, ध होते तिथेच! सा अर्धा सूर उतरून नी झाला, खाली प आला, बस्स. मग तिसरीवर येताना नी परत सा होतो, ध उतरतो प वर आणि म कोमल ग वर. सगळी ओढ एवढ्यात आहे. त्याआधीच्या चार बारमध्ये (सी मायनर, एफ सेव्हन, बी फ्लॅट, ई फ्लॅट) नी कोमल असतो. डी सेव्हनला तो शुद्ध झाला की न शिकलेल्या कानालाही कलाटणी कळते.

कुणी म्हणेल, अरे, हा तर किरवाणी! सूर तेच, कबूल. पण किरवाणीत तानपुऱ्याचा सा हलत नाही, इथे जमीनच दर बारला सरकते. त्यामुळे किरवाणीच्या ताना मारल्या तर एकही सूर चुकत नाही, आणि तरी कॉर्ड बदललेली ऐकू येत नाही. शिवाय घरी पोचल्यावर बरेच वादक ध शुद्ध करतात (जी मायनर सिक्स). म्हणजे सूर झाले पटदीपचे! कुठलं एक स्केल पाठ करणार?

त्यापेक्षा मेट्रोनोम ६० वर लावा आणि प्रत्येक कॉर्डची फक्त तिसरी वाजवा: म, शुद्ध नी, कोमल ग. दहा मिनिटं, बाकी काही नाही. मग एकदा मुद्दाम तो नी जी मायनरच्या बारमध्येही तसाच धरून ठेवा, आणि सा वर जायला बोटं किती वळवळतात ते बघा.