सड्याचे दोन फोटो काढा

काशेळीच्या सड्यावर भर दुपारी गेलात, तर हत्ती धड दिसत नाही. सुमारे १८ मीटर लांबीचं ते कातळशिल्प, पोटात कितीतरी जनावरं घेऊन, जांभ्यात विरून जातं. ऊन कललं की खोदलेल्या रेघांत सावली उतरते आणि हत्ती पुन्हा उठतो. त्याचा सगळा जीव त्या खोलीत आहे. आणि आपण फोटो काढतो तो सपाट! घरी येऊन बघावं तर रेघ कुठली आणि कातळावरचा डाग कुठला, कळत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकातून खोली जाणवते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिलं. पुढे छायाचित्रकार डोंगरदऱ्यांचे जोडफोटो घेऊन पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी डकवू लागले. स्टिरिओस्कोपला डोळे लावले की दरी खरोखर आत जायची. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचा साधा स्टिरिओस्कोप केला आणि मुद्दामच पेटंट घेतलं नाही. कुणीही करावा म्हणून. लहानपणी व्ह्यू-मास्टर बघितलेल्यांना ही गंमत सांगायला नको.

रत्नागिरीकरांनो, सडा जातोय. चिरेखाणी, रस्ते, बागेसाठी फिरणारा जेसीबी. काशेळी, उक्षी, बारसू ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, बरंच झालं. पण यादीमुळे रेघ झिजायची थांबत नाही, आणि यादीबाहेरच्या कातळाला तर तेवढाही आधार नाही.

म्हणून रेघ आहे तोवर तिचे जोडफोटो काढून ठेवा. गवत वाळलं की सकाळच्या तिरप्या उन्हात सड्यावर जा. रेघेवर पाय नको, खडूने गिरवणं तर मुळीच नको. मोबाइल रेघेपासून दोन मीटरवर धरून एक फोटो घ्या. मग मोबाइल न वळवता चार बोटं उजवीकडे सरकवा आणि सावली हलायच्या आत दुसरा घ्या. अंतराचा साधारण तिसावा भाग सरकायचं, एवढाच हिशेब. शेजारी मोजपट्टी असू द्या. डावा कुठला, उजवा कुठला, ते लिहून ठेवा. अदलाबदल झाली तर खाच उंचवट्यासारखी दिसते.



या जोडफोटोंची एक प्रत गावच्या शाळेत द्या, एक वाचनालयात. या थंडीत सुरुवात आपल्याच वाडीच्या सड्यापासून करा.