फ्रेंच शिका, पण सातबारा सांभाळा



कॅनडाला जायचे म्हणून गावची शिकलेली मुले-मुली हल्ली फ्रेंचचे वर्ग शोधत आहेत. यात तथ्य आहे. इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही तिथल्या राजभाषा आहेत. कायम वास्तव्यासाठी तिथे गुणांवर निवड होते आणि २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्याही निघतात.

मात्र त्यासाठी ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे या चारही अंगांत किमान सातवी पातळी गाठावी लागते. एकात सहावी आली तरी चालत नाही. ‘टेफ कॅनडा’ किंवा ‘टीसीएफ कॅनडा’ ही परीक्षा द्यावी लागते आणि निकाल दोनच वर्षे धरला जातो. हे दोन-अडीच महिन्यांचे मुगाचे पीक नव्हे. आडसाली उसासारखा धीर हवा.

शिवाय वय, शिक्षण आणि कुशल कामाचा अनुभवही मोजतात. तेव्हा ‘फ्रेंच आली की व्हिसा पक्का’ म्हणणाऱ्या एजंटाला आगाऊ रक्कम देऊ नका. आधी परीक्षेचा निकाल हाती येऊ द्या, घरात बसून गुणांचा हिशेब मांडा, मगच खर्चाचे ठरवा. तोवर जमीन गहाण टाकू नका.